रेघेच्या जागी शून्य

श्यामराव हळबे यांना वाकडा आकडा सहन होत नसे. वाकडा म्हणजे चुकीचा नव्हे. चुकीच्या आकड्याशी त्यांचं फारसं भांडण नव्हतं. तो दुरुस्त करता येतो, असं ते म्हणत. वाकडा म्हणजे वाईट दिसणारा. एककाखाली एकक नाही, एका ओळीत दशांशानंतर दोन अंक आणि खालच्या ओळीत एकच, असं काही दृष्टीस पडलं की त्यांच्या कपाळाची शीर उडायला लागे. ट्रामच्या कपाळावरचा नंबर तिरका बसलेला दिसला तर ते ती ट्राम सोडून पुढची पकडतात, असं त्यांची बायको कालिंदी सांगत असे. यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण फार नाही.

ते मूळचे अकोल्याचे. केंद्र सरकारच्या आकडेवारीच्या एका खात्यात चिकटले आणि नागपूर, दिल्ली असं करत बहात्तर साली बदली होऊन कलकत्त्याला आले. बालीगंजला भाड्याचं घर मिळालं आणि एस्प्लनेडजवळ कचेरी. कचेरीत त्यांच्याकडे तक्ता विभाग होता. बाहेरची माणसं पाहण्या करून आकडे आणत, आत दुसरी माणसं त्यांच्या बेरजा-वजाबाक्या करत, आणि शेवटी ते सगळं श्यामरावांच्या टेबलावर येई. आकडे कागदावर कसे दिसायचे, एवढंच त्यांनी ठरवायचं. शेकड्यांत द्यायचे की हजारांत, दशांश किती ठेवायचे, घट झाली असेल तर उणे चिन्ह लावायचं की कंसात टाकायचं, हा सगळा त्यांचा प्रांत. एकच तक्ता परदेशी पाहुण्यांना जायचा असेल तर तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम, आणि दिल्लीला जायचा असेल तर आपला हजार-लाख-कोटींचा.

"आकडा तोच असतो," असं ते नव्या माणसाला समजावत. "आपण फक्त त्याला बाहेर जाण्याजोगे कपडे घालतो."

हे वाक्य त्यांना इतकं आवडत असे की कचेरीत ते त्यांच्या तोंडून न ऐकलेला माणूस सापडणं कठीण होतं. माथुरसाहेबांनी, म्हणजे कचेरीच्या संचालकांनी, ते दोन-तीन बैठकांत स्वतःचं म्हणून वापरूनही टाकलं होतं.

श्यामरावांच्या हाताखाली घोषालबाबू नावाचे टंकलेखक होते. रोज लोकलनं सियालदहला उतरत आणि तिथून ट्रामला लोंबकळत येत. त्यांचा टाइपरायटर चांगला हातभर लांब गाड्याचा होता, आणि त्याच्या डोक्यावर एकं, दहं, शतं अशा वेगळ्या कळांची रांग होती. शतंची कळ दाबली की कागदाचा तो गाडा सरकून नेमका शतकाच्या घरात थांबे. घोषालबाबू त्या कळा पेटी वाजवल्यासारख्या वाजवत आणि आकडे एकाखाली एक उतरत जात. ते बघत उभं राहणं ही श्यामरावांची चैन होती. इतर लोक त्या वेळात चहा प्यायला जात.

त्र्याहत्तरच्या पावसाळ्यानंतर शहरातल्या शाळांमधल्या मुलांच्या मातृभाषांची एक पाहणी झाली. उभ्या बाजूला शहराचे विभाग आणि आडव्या बाजूला भाषा. माथुरसाहेबांचं म्हणणं एकच: तक्ता एका पानावर बसला पाहिजे, कारण पान उलटायला लागलं की दिल्लीचा माणूस पुढे वाचत नाही. आता बंगाली आणि हिंदीचे आकडे लठ्ठ, उर्दूचे बऱ्यापैकी, आणि मग उजवीकडे ओडिया, तमिळ, गुजराती, मराठी, चिनी अशा बारीक भाषांची रांग, जिथे तक्त्याच्या एखाद्या घरात दोन अंक, तर एखाद्यात एकच. घोषालबाबूंनी पहिला मसुदा काढला तो पानाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर ओसंडत होता.

श्यामरावांनी उपाय काढला. सगळे आकडे शेकड्यांत द्यायचे. बंगालीचे दोन अंक कमी झाले, हिंदीचेही झाले आणि पान एकदम आटोक्यात आलं. पण उजवीकडे नवीनच संकट उभं राहिलं. जिथे पन्नासाहून कमी मुलं होती तिथे शेकड्यांच्या हिशेबात शून्य येऊ लागलं. एक नाही, दोन नाही, अख्खी उजवी बाजू शून्यांनी भरली. पानाला देवी आल्यासारखं दिसत होतं. श्यामरावांना ते बघवेना. जिथे खरोखरच एकही मूल नाही तिथे ते आधीपासून एक आडवी रेघ देत होते. मग शून्यांच्या जागीही रेघच द्या, असं त्यांनी घोषालबाबूंना सांगितलं आणि पान कसं स्वच्छ झालं.

रेघेचे आता दोन अर्थ झाले, हे त्यांच्या लक्षात आलं नाही असं नाही. दोन वेगळ्या खुणा ठेवून त्यांचा खुलासा पानाच्या तळाशी एका ओळीत द्यायला हवा, हे त्यांना कळत होतं. पण तळाशी एकाच ओळीला जागा उरली होती, आणि ती आधीच बोलून ठेवलेली होती. माथुरसाहेबांनी त्या वर्षी प्रथमच परवानगी दिली होती की तक्ता ज्यानं बसवला त्याचं नाव खाली छापावं. इतकी वर्षं कपडे शिवणाऱ्याचं नाव कुठे येत नव्हतं. श्यामरावांनी थोडा वेळ विचार केला, खूप नाही, आणि ओळ नावाला दिली. तक्ता छापून झाल्यावर त्याची एक प्रत अकोल्याला थोरल्या भावाकडे गेली आणि एक घरी कपाटात.

घरी कौतुक करणारं फारसं कोणी नव्हतं. कालिंदीला त्या कागदापेक्षा मुलीची काळजी होती. वैशाली नऊ वर्षांची, तिसरीपासून इथल्या शाळेत, आणि तिचं मराठी दिवसेंदिवस बंगाली वळणावर चाललं होतं. बंगालीत पाणीही खातात, म्हणून ती पाणी पीत नसे, पाणी खात असे. तिच्या बोलण्यात शेजारचे दासकाका सिगारेटही खात. कालिंदी हसायची आणि मग तिला एकदम भरून यायचं, की सुट्टीत अकोल्याला नेल्यावर ही आजीशी बोलणार कशी?

त्यासाठी शनिवारचा वर्ग होता. बालीगंजच्या एका शाळेत दुपारी एक खोली मराठी मुलांना मिळत असे आणि तिथे प्रेमलताबाई मुळ्ये शिकवत. प्रेमलताबाईंचे वडील फार पूर्वी इकडे येऊन डॉक्टरकी करत. बाई जन्मल्या इथे, वाढल्या इथे, शाळेत नोकरी करून निवृत्तही इथेच झाल्या. पुण्याला त्या आयुष्यात तीनदाच गेल्या होत्या, पण त्यांच्या मराठीत वडिलांच्या काळचे असे शब्द होते जे पुण्यातल्या लोकांनी केव्हाच टाकून दिले होते. लग्न केलेलं नव्हतं. शनिवारचा वर्ग हेच त्यांचं घरदार, असं लोक म्हणत आणि त्यांनाही ते मान्य होतं. वर्ग हजेरीनं सुरू होई. रोजच्या शाळेत मुलं "प्रेझेंट मिस" म्हणत, पण इथे उभं राहून "हजर" म्हणावं लागे. जो पुटपुटेल त्याचं नाव बाई पुन्हा घेत. "आहेस ना? मग ऐकू येऊ दे," एवढंच म्हणत.

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत एका रविवारी सकाळी प्रेमलताबाई हळब्यांच्या दारात उभ्या राहिल्या. बाई कधी न कळवता येत नसत, म्हणून कालिंदीनं आधी त्यांना बसवलं आणि पाणी दिलं. बाईंनी पिशवीतून घडी केलेला एक कागद काढला. शाळेच्या मुख्याध्यापिका सेनबाई यांनी तो त्यांना दिला होता. खोली मिळायची ती नियमानं मिळायची, आणि नियम असा की ज्या भाषेची मुलं त्या विभागात आहेत त्या भाषेलाच शनिवारी जागा. त्याच खोलीवर शिवणवर्गाची कधीची नजर होती. आता सरकारी तक्ता आला आणि त्यात बालीगंजच्या ओळीत मराठीखाली रेघ होती. सेनबाईंना वाईट वाटत होतं, पण त्यांच्या समितीनं कागदावर बोट ठेवलं. महिनाअखेर खोली सोडायची होती.

"श्यामराव, तुम्ही आकड्यांच्या कचेरीत आहात," बाई म्हणाल्या. "हे कोणी मोजलं ते मला शोधून द्या. शाळेत माणूस आला होता तेव्हा मी समोर उभी होते. मुलं मोजली होती त्यानं."

श्यामरावांना कागद उघडायची गरज नव्हती. घडीच्या बाहेरच तळाची ओळ दिसत होती आणि त्या ओळीत त्यांचं नाव होतं. बाईंनी ते वाचलं नव्हतं. चष्म्याशिवाय एवढी बारीक अक्षरं त्यांना लागत नसत, आणि सेनबाईंनी फक्त रेघेवर बोट ठेवलं होतं. क्षणभर श्यामरावांना वाटलं, बघतो म्हणावं आणि उठावं. पण कालिंदी दारात चहाचा कप घेऊन उभी होती आणि तिला ते पान चांगलं ओळखू येत होतं. कपाटातल्या प्रतीवरची धूळ तीच पुसत असे.

मग त्यांनी सांगितलं. मोजणारा चुकला नाही, मुलं मोजली गेली आहेत आणि आकडा कचेरीत शाबूत आहे. तक्ता आपण बसवला, शेकड्यांत बसवला, पन्नासाच्या आतले आकडे शून्य दिसत होते आणि शून्यं वाईट दिसतात म्हणून तिथे रेघा मारल्या. हे सगळं ते हळूहळू आणि बरंच तांत्रिक बोलले. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे आम्ही आहोत," बाई शेवटी म्हणाल्या, "पण बरे दिसत नव्हतो."

पलंगावर पाय हलवत बसलेली वैशाली खाली उतरली, बाईंच्या गुडघ्यावरच्या कागदाजवळ गेली आणि त्या ओळीवरून बोट फिरवत तिनं रेघ शोधून काढली.

"बाबा, ही रेघ म्हणजे मी?"

तिला उत्तर कालिंदीनं दिलं, आत जाऊन अभ्यास कर म्हणून. श्यामरावांना लाज वाटली. नोकरीत त्यांच्या चुका झाल्या नव्हत्या असं नाही, पण त्या कागदावरच्या होत्या आणि कागदावरच मिटल्या होत्या. बाई चहा न घेता गेल्या नाहीत, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

सोमवारी ते माथुरसाहेबांकडे गेले आणि शुद्धिपत्र काढावं असं म्हणाले. साहेब लखनौचे, अदबीचे. त्यांनी तक्ता समोर ठेवून विचारलं की आकडा कोणता चुकला आहे? श्यामराव म्हणाले, कोणताच नाही. मग शुद्धिपत्र कशाचं काढायचं, असं साहेबांनी विचारलं. आकडा तोच आहे, फक्त कपडे बदललेत, हे हळबेच तर सगळ्यांना सांगतात. इथवर ठीक होतं. पण पुढे ते हसून असंही म्हणाले, की तुमच्या मराठी मंडळींची काही अडचण झाली असेल तर त्या एका घरात आकडा घालून शाळेला वेगळं पत्र देऊन टाका, मी सही करतो.

श्यामराव खुर्चीवर परत आले. काम झाल्यात जमा होतं. एक पत्र, एक सही, आणि बाईंची खोली वाचत होती. पण उजवीकडच्या त्या रांगेत नुसती मराठी नव्हती. एवढ्या रेघांपैकी कोणत्या रेघेखाली मुलं आहेत आणि कोणत्या रिकाम्या, हे आता त्यांचं त्यांनाच सांगता येत नव्हतं. आपलीच रेघ पुसायची आणि बाकीच्यांची ठेवायची, हे काही त्यांच्या मनाला पटेना. शिवाय, खरं सांगायचं तर, एका घरात पुरा आकडा आणि शेजारी शेकडे, असं पान त्यांच्याच्यानं करवलंही नसतं.

तोवर एक गोष्ट त्यांच्या बाजूनं घडली. शिक्षण खात्यानं आणखी प्रती मागवल्या, आणि सायक्लोस्टाइलची जुनी स्टेन्सिल मध्येच फाटली होती. नवीन कापावी लागणारच होती. श्यामरावांनी साहेबांना विचारलं की नव्या स्टेन्सिलवर खुणा बदलल्या तर चालेल का? पान एकच राहणार असेल तर हवं ते करा, असं साहेब म्हणाले आणि फोनकडे वळले.

मूळ कागदांचे गठ्ठे खाली रेकॉर्डमध्ये होते. ते वर आणले तेव्हा वीज गेली होती. त्या दिवसांत ती दुपारी हमखास जाई. म्हणून दोघं टेबल ओढून खिडकीशी बसले. घोषालबाबू मूळ कागदावरून मोठ्यानं वाचत आणि श्यामराव तक्त्यातल्या रेघेवर खूण करत. मूल नसेल तर घोषालबाबू "नेई" म्हणत, आणि असेल तर आकडा सांगत. आधी दोघं झपाट्यानं चालले होते. मग हळूहळू श्यामरावांचा वेग कमी झाला. खिदिरपूरकडे काही तेलुगू मुलं होती, बहुबाजारात थोडी चिनी. उत्तरेकडच्या एका विभागात मल्याळमखाली घोषालबाबूंनी "एक" म्हटलं.

"एकच?" श्यामरावांनी विचारलं.

घोषालबाबूंनी पुन्हा पाहिलं आणि एकच असल्याचं सांगितलं. त्या अख्ख्या विभागात ते पोर शाळेतून आल्यावर आई सोडून कोणाशी बोलत असेल, असं श्यामरावांच्या मनात आलं. त्याच्यावर आपण रेघ मारली होती. त्यांनी ती खोडून तिथे शून्य काढलं, आणि नेहमीपेक्षा जरा मोठंच काढलं.

सगळं झाल्यावर पान पुन्हा देवी आल्यासारखं दिसायला लागलं. घोषालबाबूंनी नवीन स्टेन्सिल चढवली आणि कळा वाजायला लागल्या. एकंच्या घरात शून्यांमागून शून्यं उतरत गेली. तळाशी आल्यावर घोषालबाबू थांबले. एक ओळ उरली होती. त्यांनी मान वर करून श्यामरावांकडे पाहिलं, कारण नावही द्यायचं होतं आणि खुलासाही.

"खुलासा घ्या," श्यामराव म्हणाले.

घोषालबाबूंनी अक्षरं दाटीनं बसवून दोन्ही मावतं का ते पाहू, असं सुचवलं. श्यामराव नको म्हणाले. दाटी केलेली ओळ वाईट दिसते. मग तळाच्या त्या ओळीत एवढंच आलं, की शून्य म्हणजे पन्नासाहून कमी मुलं आणि रेघ म्हणजे एकही नाही.

नवी प्रत सेनबाईंच्या समितीपुढे गेली. कोणीतरी म्हणालं, शून्य म्हणजे तरी काय, कोणी नाहीच की. सेनबाईंनी तळाची ओळ वाचून दाखवली. शिवणवर्गाला रविवार मिळाला आणि मराठीचा शनिवार राहिला.

त्यानंतरच्या शनिवारी वैशालीला सोडायला कालिंदीऐवजी श्यामराव गेले. दारातूनच परतायचा त्यांचा विचार होता, पण बाईंनी आत बोलावलं म्हणून ते शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसले. फळ्यावर बाईंनी खडूनं एक भलंमोठं शून्य काढलं होतं आणि त्यावर काही न बोलता त्या टेबलाशी उभ्या होत्या. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेले होते, जुना आणि नवा. आज त्यांनी चष्मा लावला होता.

"जुन्यात खाली तुमचं नाव आहे," त्या म्हणाल्या. "नव्यात दिसत नाही."

"एकाच ओळीची जागा होती, बाई."

बाईंनी दोन्ही कागद उचलून नीट एकावर एक ठेवले आणि पिशवीत टाकले. मग हजेरीची वही उघडली. एकेक नाव घेत गेल्या, आणि एकेक मूल उठून "हजर" म्हणत गेलं. वैशालीनंही म्हटलं, खणखणीत. सगळी मुलं झाली तरी बाईंनी वही मिटली नाही. चष्मा जरा वर सरकवून त्यांनी शेवटच्या बाकाकडे पाहिलं.

"हळबे श्यामराव."

मुलं खिदळली. श्यामराव बाकात अडकलेले गुडघे सोडवत उठले आणि काहीतरी पुटपुटले. बाई थांबल्या आणि त्यांनी नाव पुन्हा घेतलं.

"हजर," श्यामराव म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.